सख्ख्या बहिणीचा अर्ज

४ मार्च

ताईनं अर्ज केलाय! आमच्याच विभागाकडे! आणि मला एका शब्दानं बोलली नाही.

सकाळच्या बैठकीत साहेब नव्या अर्जांची यादी वाचत होते. मी नेहमीसारखी चहा पीत अर्ध्या कानानं ऐकत होते. मधेच ताईच्या केंद्राचं नाव आलं आणि मी कप खाली ठेवला. पक्षाघातानं वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणारं केंद्र. असं दुसरं आहेच कुठे? आरोग्याच्या अनुदानांच्या फायली माझ्याकडे असतात, म्हणून साहेबांनी सवयीनं तीही माझ्यापुढे सरकवली. मी हात मागे घेतला. म्हटलं, "साहेब, ही मला चालणार नाही. माझी सख्खी बहीण आहे."

मग साहेब म्हणाले, "आधीच सांगितलंत ते बरं केलंत," आणि फाइल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. खडूसकडे!

देवा. एवढी माणसं असताना खडूस!

हे नाव मी ठेवलेलं नाही. सगळा विभाग त्याला पाठीमागे हेच म्हणतो. पन्नाशी उलटलेला, एकटा राहणारा, उकाड्यातही शर्टाचं वरचं बटण न सोडणारा माणूस. फायलीवर शेरा एकच — "पाहिलं. पटलं नाही." मोठमोठ्या संस्थांचे लोक त्याच्या टेबलापुढे घाम पुसतात. ताईची काय कथा! केंद्राचं भाडं देणाऱ्या ट्रस्टनं हात वर केलेत. आमच्याकडून काही मिळालं नाही तर वर्षअखेरीला केंद्राला टाळं. आणि मी ब्र काढायचा नाही.

५ मार्च

त्या फाइलचा माझ्या संगणकावरचा रस्ताही बंद करून घेतला. तंत्रज्ञ हसला. "मॅडम, स्वतःच स्वतःला बाहेर कोंडताय?" हसू दे. उघडा राहिला असता तर मी डोकावले असते. मी मला ओळखते.

९ मार्च

ताई जेवायला आली होती. आल्या आल्या मी तिला धरलं — "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू अडकली असतीस. आणि मिळालं तर माझ्या कामावर मिळू दे. तुझी बहीण म्हणून नको."

अशी ही! लहानपणापासून नाकावर माशी बसू देत नाही. भाऊजी गेले तेव्हाही, आम्ही सगळे तिच्याकडे राहायला जायला निघालो, तर म्हणाली, "चार दिवस या, पाचव्या दिवशी मला केंद्रात जायचंय."

लेकीला कुतूहल — "मावशीनं अनुदान मागितलंय ना?" मी सांगितलं, अनुदान नाही, सहकार्य करार. फरक काय, म्हणे. माझ्या कामाबद्दल घरात कुणी विचारलं की मी जरा चेकाळतेच. म्हटलं, अनुदानात सरकार पैसे देतं, बाजूला होतं आणि अहवाल मागतं. सहकार्य करारात पैसेही देतं आणि कामातही उतरतं. आमचा माणूस दर महिन्याला तिथे जाणार, बसणार, बघणार, पुढचं दोघांनी मिळून ठरवायचं.

नवरा ताटातून मान वर न करता म्हणाला, "म्हणजे पहिल्यात सासू तिच्या घरी असते, दुसऱ्यात आपल्याकडे राहायला येते!"

सगळे खो खो हसलो. आईसुद्धा. म्हणजे त्याची सासू, जी आमच्याकडेच राहते! हसली, आणि मग त्याला सोडून सगळ्यांना भात वाढला.

ताई निघताना दारात चप्पल घालत हळूच म्हणाली, "काय चाललंय, एवढं तरी?" मी म्हटलं, "ताई, मला माहीत नाही. खरंच नाही." तिनं मान हलवली. पण आई मागून म्हणाली, "सख्ख्या बहिणीच्या उपयोगी पडायचं नाही, तर एवढी अधिकारी होऊन उपयोग काय?"

झोंबलं. अजून झोंबतंय.

१७ मार्च

खडूसचे प्रश्न ताईकडे पोचले. दोन पानं भरून! ताईचा फोन — आवाज चढलेला.

"हा माणूस मला विचारतो, रुग्ण सुधारला हे तुम्ही कशावरून ठरवता! मला! बावीस वर्षं हेच करतेय मी! त्याला काय कळतं यातलं?"

"ताई, मला नको सांगूस."

"मग कुणाला सांगू? भिंतीला?"

"हो, भिंतीला सांग. भिंतीला फाइल नसते."

फोन आपटला तिनं. मी बराच वेळ फोन कानाला लावूनच बसले.

२० मार्च

आज खडूसचं एक वेगळंच रूप पाहिलं. लिहून ठेवते, कारण ऑफिसात कुणाला सांगितलं तर पटायचं नाही.

एका फिरत्या वाचनालयाचा खर्च तपासायला आला होता. पुस्तकं, डिझेल, टायर... आणि एक छोटा फ्रिज! हिशेब विभागात हशा पिकला. एकानं लाल पेन काढलंसुद्धा. खडूस म्हणाला, "थांबा. विचारलं का कुणी?" कुणी विचारलं नव्हतं. त्यानं तिथल्या तिथे वाचनालयाला फोन लावला. गाडी दूरच्या वस्त्यांवर दिवसच्या दिवस फिरते, आणि ड्रायव्हरला इन्सुलिन लागतं. ते थंड ठेवायला फ्रिज. एवढंच! मग या बाबानं नियमांचं पुस्तक उघडलं आणि कर्मचाऱ्यांच्या आरोग्यसुरक्षेचं कलम काढून समोर ठेवलं. खर्च मंजूर. वर वाचनालयाला सांगितलं, "पुढच्या वेळी कारण एका ओळीत लिहा. लोकांना हसायला जागा ठेवू नका."

इतकी वर्षं मी या माणसाच्या चार टेबलं पलीकडे बसते. मला वाटायचं तो 'नाही' म्हणायची कारणं शोधतो. तो कारणंच शोधतो — हो-नाही मागून येतं.

बाहेरच्यांना वाटतं आम्ही शिक्के मारतो. माझी नणंद तर सरळ म्हणते, "तुझं बरं गं, दुसऱ्याचे पैसे वाटायचे!" पण वाटलेला पैसा कुठे जाऊन काय होतो, हे बघणारं कुणीतरी लागतं. तो पुस्तक होतो की नुसतं भाषण होतो. मला हे काम आवडतं. आज जरा जास्तच आवडलं.

२८ मार्च

खडूस आज पाहणीला ताईच्या केंद्रात. त्याचं टेबल दिवसभर रिकामं. मी दिवसभर तिकडेच बघत. एकही काम धड झालं नाही.

२९ मार्च

ताई आली. मी कानावर हात ठेवले. "फाइलचं नाही सांगत गं, माणसाचं सांगतेय," म्हणाली. मग मी हात काढले. नियमात बसतं की नाही, देव जाणे.

केंद्र म्हणजे छपाईच्या दुकानावरचा मजला. एक लांब खोली, खिडकीशी गोल टेबल, भिंतीला चित्रांची कार्डं लावलेली — कप, छत्री, घोडा, कंगवा. ताईनं त्याच्यासाठी पुढे खुर्ची मांडली होती. तो मागच्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसला. आणि संध्याकाळपर्यंत तिथेच! मधे फक्त जेवणाचा डबा उघडला, तोही त्या लोकांबरोबर.

तिथे एक निवृत्त बस कंडक्टर येतात. मी त्यांना पाहिलंय. पक्षाघातानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरला — "पुढे." चहा हवा तरी पुढे, राग आला तरी पुढे, बायको हवी असली तरी पुढे! बायको बिचारी सुरावरून ओळखते. खडूसनं त्यांना विचारलं, "तुम्हाला इथून काय हवंय?"

आता असा प्रश्न विचारला की काय होतं, हे ताईला पाठ आहे. रुग्ण शब्द शोधू लागतो, चेहरा लाल होतो, आणि भोवतालची माणसं धडाधड शब्द पुरवायला लागतात — पाणी? औषध? घरी जायचं? ती शांतता कुणाला सोसवत नाही. बायकोनं तर स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. खडूस थांबला. नुसता थांबला. घड्याळ नाही, पेन नाही, "असू दे, असू दे" नाही. कंडक्टरांचे ओठ हलत राहिले, आणि शेवटी बाहेर आलं — "नात." मग पुन्हा तेवढंच थांबणं. मग — "हाक."

नातीला हाक मारायचीय त्यांना.

"माझे शिकाऊ लोकसुद्धा एवढं थांबू शकत नाहीत," ताई म्हणाली. "शिकवूनही!" मग एकदम आठवल्यासारखी चिडली — "पण आहे आगाऊच! जाताना म्हणतो, स्टूल डुगडुगतं, रुग्ण पडेल, खिळा मारून घ्या."

६ एप्रिल

ताईचा फोन. आवाज वेगळाच, बसलेला.

"तो प्रश्न... सुधारला हे कशावरून ठरवता. मी काय लिहिलं होतं माहितीये? चित्रं दाखवून किती शब्द आले, ते मोजतो. बावीस वर्षं तेच. अगं, मी त्या माणसाला छत्री म्हणायला शिकवतेय आणि त्याला नातीला हाक मारायचीय!"

मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"सगळं नव्यानं लिहितेय," म्हणाली. "प्रत्येकाला आधी विचारायचं, कुणाशी काय बोलायचंय. मग तेच शिकवायचं. तेच मोजायचं. अर्ज गेला खड्ड्यात, पण हे करायचंच."

एवढा ताठ कणा, आणि स्वतःचं चुकलं म्हटल्यावर एका रात्रीत बावीस वर्षांची पद्धत मोडायला बसली! माझ्यात नाही हे. माझ्या बहिणीत आहे.

१८ एप्रिल

निवड समिती बसली. मी बाहेर, पाण्याच्या कूलरपाशी. इतकं पाणी प्यायले की शिपाई विचारायला लागला, बरं नाही का.

१९ एप्रिल

मिळाला! तीन वर्षांचा सहकार्य करार! समितीच्या पाचही जणांचा होकार. खडूसचं तिथे मतही नव्हतं, त्यानं फक्त पाहणीचा अहवाल वाचून दाखवला म्हणे. सरकारच्या बाजूनं केंद्राबरोबर काम करायला नेमलंय त्यालाच.

आईनं ताईला फोनवर जवळ घेतलं — म्हणजे फोनच छातीशी धरला, आणि ताई पलीकडून ओरडत होती, "अगं आई, ऐकू येत नाहीये!" मग आई माझ्याकडे वळली. "तू काही केलंस का गं?" मी म्हटलं, "काहीच नाही केलं." ती माझ्या पाठीवरून हात फिरवून आत गेली. बास. मला तेवढं पुरे.

२६ एप्रिल

ताईनं आभार म्हणून खडूसला कुंडीतलं एक रोपटं पाठवलं. त्यानं ते परत पाठवलं — "करारात रोपट्याची तरतूद नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं ताई आता घर डोक्यावर घेणार. तर ताई फोनवर हसत सुटली! थांबेचना. भाऊजी गेल्यापासून तिला इतकं हसताना मी ऐकलं नव्हतं.

११ जून

करार छान चाललाय. मला कळतं ते फक्त इतरांकडून. खडूस दर महिन्याला जातो. स्टूल पक्कं झालंय. चित्रांची कार्डं निघाली, त्या जागी प्रत्येकाच्या घरच्यांचे फोटो लागलेत. एक शिंपीणबाई आहेत, त्यांना गिऱ्हाइकाशी भाव करायचाय — त्यांच्याशी म्हणे खडूस स्वतः घासाघीस करायला बसतो, आणि दर वेळी हरतो!

८ जुलै

आज भलतंच घडलं.

ताईच्या केंद्राचा विषय निघाला की मी बैठकीतून बाहेर जाते. तशी गेले. हिशेब विभागाला दुसरा हप्ता थांबवायचा होता, एवढं जाताना कानावर पडलं — शब्द मोजायची पद्धत बदलली, त्यामुळे आकडे खाली दिसतात. दार लागलं. आणि थोड्या वेळानं आतून आवाज! खडूसचा! ज्याचा आवाज टेबलापलीकडे जात नाही तो दाराबाहेर ऐकू येत होता — "आकडे कसले बघता! काल त्या माणसानं नातीला नावानं हाक मारली! पोरगी धावत आली! मी तिथे होतो!" आणि टेबलावर हात आपटल्याचा आवाज.



बाहेर आला तेव्हा कान लाल होते. माझ्याकडे न बघता गेला. मला मात्र त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

९ जुलै

नवल आहे या माणसाचं. आज सगळ्यांसमोर साहेबांना म्हणाला, "काल मी कागद बघून बोललो नाही. माझं म्हणणं विचारात घेऊ नका. हप्त्याचा निर्णय दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या."

का? बरोबरच तर बोलला होता!

२ ऑगस्ट

खडूसनं ताईची फाइल सोडली! स्वतःहून. साहेबांच्या खोलीत गेला, दार लावलं, बाहेर आला आणि फाइल नुकत्याच रुजू झालेल्या नव्या मुलीच्या टेबलावर ठेवली. कारण कुणालाच माहीत नाही. साहेब फक्त म्हणाले, "योग्य कारण आहे."

मला राहवलं नाही. जिन्यात गाठलं. "तुम्हाला तिथे काही वावगं दिसलं का?"

तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मला विचारू नका. तुम्ही तर मुळीच विचारू नका." आणि भराभर खाली उतरून गेला.

मी तर मुळीच नको — म्हणजे ताईचंच काहीतरी. काय केलं असेल तिनं? ताईनं? शक्यच नाही. पण हा माणूस उगाच काही करत नाही, हेही मीच या वहीत पानोपानी लिहिलंय.

३ ऑगस्ट

नवरा म्हणतो, "फोन उचल आणि ताईला विचार." नाही विचारू शकत. चौकशी असेल तर मी तिला सावध केल्यासारखं होईल. सख्ख्या बहिणीवर संशय घेऊन गप्प बसायचं, की विचारून नोकरीशी बेइमानी करायची? दोन्ही घास कडू.

ताईचा दोनदा फोन आला. उचलला नाही.

१३ ऑगस्ट

नव्या मुलीनं केंद्राची सगळी तपासणी नव्यानं केली. हिशेब, माणसं, रुग्णांच्या नोंदी. बैठकीतून बाहेर येऊन मला म्हणाली, "मॅडम, तुम्हाला बाकी काही सांगता येणार नाही, पण निकाल आता जाहीर आहे — कुठेच खोट नाही. हप्ता आजच गेला." मी स्वच्छतागृहात जाऊन रडले.

आणि मग भयंकर राग आला. खोट नाही, तर पळाला कशाला? त्या माणसांना थांबणारा माणूस मिळाला होता! शिंपीणबाईंनी आता भाव कुणाशी करायचा? मी त्याला इतकं डोक्यावर घेतलं आणि हा अर्ध्यात टाकून गेला! घरी येऊन हे सगळं आईपुढे बडबडले. आई ऐकत राहिली. "मला तर तो माणूस भला वाटतो," एवढंच म्हणाली. ती कधी त्याला भेटलेलीही नाही!

१४ ऑगस्ट

सकाळी सकाळी ताई दारात. मला बाजूला सारून थेट स्वयंपाकघरात. ओट्याला टेकून उभी राहिली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली — बावन्न वर्षांची माझी ताई!

"फोन का उचलत नाहीस? सांगायचं होतं. त्यांनी फाइल सोडली ना, त्याच संध्याकाळी ते घरी आले. म्हणाले, करार हातात असताना हे विचारणं बरं नव्हतं, म्हणून आधी तो सोडला." थांबली. खूप वेळ. मी शब्द पुरवला नाही.

"मी हो म्हटलंय."

आईनं गॅस बारीक केला, वळली, आणि विचारलं, "मग जेवायला कधी येतायत?"